आपली फळी, त्याची फळी

वारंगा फाटा
६ फेब्रुवारी

आकांक्षास,
जयभीम.

पुण्याच्या गाडीत बसता बसता तू म्हणली होती, "फोनवर तुमी ओरडता. मग दिवसभर माझं लॅबमध्ये चित्त लागत न्हाई. काय सांगायचं ते लिहून पाठवा." तेव्हा मी हसलो. आजकाल नवरा-बायको कुठं पत्रं लिहितात? पण परवापासून तू फोनच उचलत न्हाई, म्हणून कागद घेऊन बसलो. मोबाइलवर लिहायला माझी बोटं जाड पडतात. शिवाय तिथं लिहिलं की लगेच पोचतं. कागद कसा, पेटीत टाकायच्या आधी फाडता येतो.

फळ्या आल्या. तुझा दिपक राठोड स्वतः पिकअप घेऊन आला. दुकानासमोर गाडी आडवी लावली, पांढरा शर्ट झटकला अन् म्हणला, "भाऊ, आकांक्षा म्हणली, ह्या तुमच्याकडं द्यायच्या."

आकांक्षा म्हणली. वहिनी न्हाई, मॅडम न्हाई. हिंगोलीच्या कॉलेजात तुमी एका वर्गात होता हे मला ठाऊक हाय. म्हणून काय जन्मभर वर्गातच बसायचं का?

मायनं त्याला पाहुण्यांच्या कपात चहा दिला. मला माझा रोजचा स्टीलचा ग्लास.

दोन्ही गठ्ठे उतरवून घेतले. कोणती फळी कशाची ते कळावं म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यावर तुझी खूण होती. एक आपल्या फळ्यांचा, कुरुंद्याच्या हळदीचा वाळका पाला दळून सोयाबीनच्या पेंडीच्या डिंकात दाबलेल्या. दुसरा त्याच्या फळ्यांचा. त्याच डिंकात, पण आत भुसा पऱ्हाट्यांचा. कापूस निघाल्यावर लोक ज्या पऱ्हाट्या उपटून बांधावर पेटवतात, त्याच बारीक करून, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून, धुऊन वाळवलेल्या. त्यानं अर्धा तास मला ते समजावून सांगितलं. मी मान हलवत राहिलो. सगळं आधीच तुझ्या तोंडून ऐकलं होतं हे त्याला सांगितलं न्हाई, अन् तेव्हाही कळलं नव्हतं हेही सांगितलं न्हाई.

तुझी चिठ्ठी गठ्ठ्यावर होती. "दोन्ही पाण्यात ठेवा, मग स्क्रू मारून बघा. लाकूड ओळखणारा तुमच्यासारखा हात माझ्या माहितीत न्हाई. तुमी जे सांगाल त्याच मिश्रणाचे पलंग सेनगावच्या मुलींच्या वसतिगृहाला करू." हे वाचून बरं वाटलं. मग लक्षात आलं की चिठ्ठी आधी दिपकच्या हातात होती, त्यानंही वाचलीच असंल. बरं वाटणं तिथंच संपलं.

पहिली फळी आपण ट्रकचा जॅक लावून ह्याच दुकानात दाबली होती. तू पीठ चाळायची, मी जॅक मारायचो. तेव्हा दिपकचा सेनगावचा प्रेस कुठं होता?

मायची तब्येत ठीक. तुझं जेवण होतं का बराबर?

भीमराज


१९ फेब्रुवारी

आकांक्षास,
जयभीम.

तुझा फोटो पेपरात आला. मला घरातून न्हाई, टायरवाल्याकडून कळलं. तो पेपर घेऊन दुकानात आला अन् म्हणला, "भीमराज, वहिनी झळकल्या की! पण संगं हा कोण हाय?"

वाचला. "शेतातील टाकाऊ पाल्यापासून फळी. आकांक्षा आणि त्यांचे सहकारी दिपक राठोड यांचा प्रयोग." सहकारी! पाला त्याचा हाय का? कुरुंद्याच्या निर्मलाबाईच्या शेतात काडी लावायच्या आधी पोत्यात भरून आणला कोणी? तुला पहिल्यांदा कोणी सांगितलं की हळदीचा पाला इतका चिवट असतो की बैलबी लवकर चावत न्हाई, ह्याचं काहीतरी होईल? पेपरवाल्याला तू माझं नाव सांगितलं होतं का? सांगितलं असंल अन् त्यानं गाळलं असंल तर तसं लिही. नसंल सांगितलं तर काही लिहू नको.

मायनं फोटो कापून बुद्धाच्या तसबिरीखाली लावला. मी दिपककडची बाजू मागं दुमडली. संध्याकाळी बघतो तर तिनं परत सरळ केली होती. "कागदाला घडी पडती," म्हणली.

आता फळ्यांचं. तू तीनदा विचारलं म्हणून लिहितो. दोन्ही पाण्यात ठेवल्या. आपली टिकली. त्याची फुगली. कडा उकलल्या, बोटानं भुगा निघतो. पऱ्हाट्यांचे पलंग केले तर पहिल्या पावसाळ्यात पोरी खाली येतील. माझा सल्ला, हळदीचाच पाला घ्या.

हे मी आपल्यासाठी सांगून राहिलो असं समजू नको. निर्मलाबाईचा विचार कर. तिनं अन् तिच्या गटातल्या बायांनी यंदा पाला जाळला न्हाई, तुझ्या शब्दावर झाकून ठेवला हाय. परवा मी कुरुंद्याला जाऊन सांगून बी आलो की काम तुमच्याच पाल्याचं होणार. तिनं मला बाजेवर बसवलं, ताक दिलं. म्हणली, "भीमराजदादा, तुमी व्हता म्हणून झालं." लई दिवसांनी कोणी असं म्हणलं.

भीमराज


३ मार्च

आकांक्षास,
जयभीम.

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर दोन ओळी. "दिपकला कळवलं. त्याला वाईट वाटलं. काय चुकलं ते कळावं म्हणून तो फुगलेली फळी बघायला येणार हाय."

त्याला कळवायची काय घाई होती? अन् त्याला वाईट वाटलं हे मला कशाला लिहिलं? मला काय काय वाटतं ते तू त्याला कळवती का?

एक गोष्ट सांगतो. तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी. गेल्या आठवड्यात मी सेनगावला गेलो होतो. दुकान बंद ठेवलं, मायला सांगितलं की हिंगोलीला बिजागऱ्या आणायला जातो. जीपनं तांड्यापर्यंत गेलो. दिपक नव्हता. मला तेच पाहिजे होतं. त्याचा बाप, हरिचंदकाका, शेडच्या दारात बसला होता. त्यानं मला ओळखलं न्हाई, मी बी ओळख दिली न्हाई.

"फळ्या बघायला आलतो," मी म्हणलो.

"म्हंजे गिऱ्हाईक! या, या," म्हणून म्हातारा उठला अन् हाताला धरून आत घेऊन गेला. प्रेस दाखवला. भुशाची चाळण दाखवली. भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं, कोणत्या हौदात काय, किती वेळ भिजवायचं. अक्षर तुझं. खिळ्याला तुझी हिरवी ओढणी लटकत होती, भुसा नाकात जाऊ नये म्हणून बांधायची ती. मी घरात ती शोधली होती.

हरिचंदकाका म्हणला, "आमचा दिपक अन् एक बाई मिळून करतात. बाई पुण्याला गेली हाय सध्या. लई हुशार. अन् हसरी किती! पहिली फळी प्रेसमधून काढली तर निस्ता चुरा. आमी म्हणलं, आता रडती का काय. तर दोघं असे हसायला लागले, असे हसायला लागले, की आमची म्हैस बुजली."

मी विचारलं, "बाईचा नवरा काय करतो?"

"हाय कोणी फाट्यावर. दुकान हाय म्हणतेत. आला न्हाई कधी."

परतीच्या जीपमध्ये मी आठवून राहिलो, आपल्या घरात तू शेवटची कधी म्हैस बुजंल असं हसली. वारंगा फाटा आला तरी आठवलं न्हाई.

आता मला सांग, मी काय समजावं? मी काही तसलं म्हणत न्हाई. तू तशी न्हाई हे मला माहीत हाय, अन् खरं सांगायचं तर त्याची नजर बी वाईट न्हाई. असती तर बरं झालं असतं. मला काहीतरी करता आलं असतं.

भीमराज


१० मार्च

आकांक्षा,

दिपक येऊन गेला. तो तुला काही सांगणार न्हाई म्हणला, म्हणून मलाच सांगायला लागून राहिलं. हा कागद दोनदा फाडला. हा तिसरा.

तो सकाळी आला. आल्या आल्या म्हणला, "भाऊ, वाईट वाटलं, पण बरंच झालं आता कळलं. पलंग करून मग कळलं असतं तर शिवकन्याताईला तोंड दाखवता आलं नसतं." शिवकन्याताई म्हणजे वसतिगृहाच्या अधीक्षक, हे त्यानंच सांगितलं. तिथं आधी बाजारातून आणलेल्या फळ्यांच्या पलंगांच्या वासानं पोरींचे डोळे चुरचुरतात, म्हणून त्यांनी तुमच्याकडं काम दिलं, हे बी सांगितलं. तू मला हे कधी सांगितलं होतं का? सांगितलंबी असंल.

मग म्हणला, "तुमचंच मिश्रण घेऊ. प्रेस माझा, पाला तुमचा. तुमी या सेनगावला, तुमाला जसं पाहिजे तसं दाबू." असं सरळ. मनात काही न ठेवता. मला त्याच्या थोबाडीत मारावी वाटली.

"फक्त ती फुगलेली फळी दाखवा एकदा," तो म्हणला.

मी मागच्या अंगणात गेलो अन् एक फुगलेली फळी आणून त्याच्यासमोर टाकली. खुणेचा कोपरा मी आधीच करवतीनं उडवला होता. त्यानं ती उचलली, उलटी केली, उकललेल्या कडेवर बोट फिरवलं. मग नाकाशी नेली.

आकांक्षा, भिजलेल्या हळदीच्या पाल्याचा वास लपत न्हाई. लहान लेकराला बी कळंल.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी रंध्याकडं बघितलं. दारातून मायनं विचारलं, "चहा ठेवू का?" दिपकनं ती फळी हळूच खाली ठेवली, जशी काही फुटंल. माठातलं पाणी पिला. जाताना एवढंच म्हणला, "भाऊ, आकांक्षाला तुमी कळवा. मी कळवणार न्हाई."

तर कळवतो. आपली फळी पहिल्याच दिवशी फुगली. त्याची न्हाई फुगली. मला वाटलं, अजून ठेवू. आपली मी काढून सावलीत वाळत घातली अन् त्याची टाकीच्या गळक्या नळाखाली ठेवली, तू सांगितलं होतं त्याच्या किती तरी पट जास्त. रोज सकाळी दात घासायच्या आधी जाऊन बघायचो, आज तरी उकलली का. न्हाई उकलली. मग तुला लिहिलं की उकलली.

कुरुंद्याला निर्मलाबाईला जे सांगून आलो ते बी आता फिरवायला लागंल.

तू ओरडली तरी चालंल. फोन कर.

भीमराज


२ एप्रिल

आकांक्षा,

फोन न्हाई, चिठ्ठी न्हाई. तू पुण्याहून येऊन सेनगावला शिवकन्याताईकडं उतरली हे मला जीपवाल्यानं सांगितलं. सेनगावची गाडी फाट्यावर दहा मिनिटं थांबती. दुकान समोर दिसतं. उतरायचं न्हाई तर नको उतरू, पण मायनं तुझं काय बिघडवलं? ती रोज विचारती, "आली का रे पोरगी?" मी सांगतो, "काम हाय तिला."

हे पत्र मात्र माझ्याबद्दल न्हाई. नीट वाच.

तुमी पऱ्हाट्यांच्या फळीचे पलंग करायला घेतले. करू नका. मी त्या फळीच्या कडेला स्क्रू मारून बघितले. तूच सांगितलं होतं मारायला. कड फाटती. एकदा न्हाई, तीनदा बघितलं, तिन्ही वेळा उभी चीर गेली. पाण्याला ती फळी चांगली हाय, हे मी मागच्या पत्रात कबूल केलं. पण पलंगाच्या आडव्या पट्ट्या कडेलाच बसतात. वजन कडेवरच येतं. रात्रंदिवस पोरी त्याच्यावर झोपणार, उड्या मारणार. कोणाच्या पाठीला लागलं म्हणजे?

मला माहीत हाय तुला काय वाटंल. ह्यानं आधी खोटं सांगितलं, आता दुसरी युक्ती काढली. पण एकदा खोटं बोललो म्हणून खरं बोलायचा हक्क जातो का? चिरलेले तुकडे ह्याच जीपवाल्याबरोबर पाठवून राहिलो. स्वतःच्या डोळ्यानं बघ. ह्या वेळी कोपरा उडवलेला न्हाई, तुझी खूण जशीच्या तशी हाय.

मी वीस वर्षं लाकूड कापून राहिलो, आकांक्षा. ह्या एका गोष्टीत तरी माझं ऐक.

भीमराज


१७ एप्रिल

आकांक्षा,

माझ्या पत्राला तू मोबाइलवर उत्तर दिलं, "आता पुरे. उद्या शिवकन्याताईंना पहिला पलंग दाखवून राहिलो. तुमी यात पडू नका." त्यानंतर मी सेनगावला का आलो ते तुला वाटतं तसं नव्हतं. तू तिथं होती, तू सगळं बघितलं, पण माझ्या बाजूनं काय झालं ते तू बघितलं न्हाई. म्हणून लिहितो.

मी तमाशा करायला आलो न्हाई. मला खरोखर वाटलं होतं की पलंग मोडंल. माझी खात्री होती. जीपमध्ये बसल्यापासून एखादी पोरगी पडली तर, हेच डोळ्यापुढं.

वसतिगृहाच्या अंगणात पलंग ठेवला होता. शिवकन्याताई, पोरींचा घोळका, दिपक, हरिचंदकाका अन् तू. मला बघून हरिचंदकाका म्हणला, "अरे, हे तर आपले गिऱ्हाईक!" कोणी हसलं न्हाई. मी शिवकन्याताईला म्हणलो, "ताई, ह्या पलंगावर लेकरांना झोपवू नका. कड फाटती." दिपक काही बोलायला लागला तर तू त्याला हातानं थांबवलं. ते मला दिसलं. तुझा हात त्याच्या बाहीवर.

मग मी चपला काढल्या अन् पलंगावर चढलो.

पहिल्यांदा निस्ता उभा राहिलो. मग कडेला पाय देऊन दाबलं. मग उडी मारली. पोरी खुदखुदायला लागल्या. मी परत उडी मारली, अजून जोरात, टाचा आपटून. मला आवाज यायला पाहिजे होता. तो आवाज मला पाठ हाय, कड जाताना होतो तो. आला न्हाई. मी उड्या मारत राहिलो. शर्ट पाठीला चिकटला, धाप लागली, अन् पोरी आता टाळ्या वाजवून मोजायला लागल्या होत्या. तेवढ्यात शिवकन्याताई म्हणल्या, "दादा, उतरा आता. पलंग पास झाला."

सगळे हसले. दिपक बी हसला, लपवून. तू एकटी हसली न्हाई.

तू मला बाजूला हौदापाशी नेलं. मी पाठवलेले चिरलेले तुकडे तुझ्या पिशवीत होते. तू एक काढला अन् हळू आवाजात विचारलं, "स्क्रूच्या आधी ड्रिलनं भोक पाडलं होतं का?"

मी म्हणलो, "काय विचारती? मी काय आज..." अन् तिथंच थांबलो.

कारण मला आठवलं न्हाई. तुकड्यात बघितलं. भोक नव्हतं. दाबलेल्या फळीच्या कडेला आधी बारीक भोक पाडायचं अन् मग स्क्रू घालायचा, हे मी हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. मी नुसता स्क्रू धरला होता अन् मशीन दाबलं होतं. तीनदा. शिवाय ती फळी टाकीखालून काढून उन्हात टाकलेली. कोणतंबी लाकूड फाटलं असतं. अन् मला ते दिसलंच न्हाई. मी खोटं करत नव्हतो, आकांक्षा. मला खरंच दिसलं न्हाई.

"तुमी?" तू म्हणली. "भोक न पाडता?"

तू रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तू घाबरली होती. आजारी माणसाकडं बघावं तसं माझ्याकडं बघून राहिली होती.

मग तू ते बोलली. "मला आधी वाटायचं, तुमाला दिपकचा हेवा वाटतो. म्हणून मी त्याचं नाव काढायची न्हाई, हसायची न्हाई, सहकारी म्हणून लिहून द्यायची. त्यानं काही फरक पडला न्हाई. तुमाला त्याचा हेवा न्हाई वाटत. तुमाला माझा वाटतो."

अन् तू पोरींकडं निघून गेली.

हे मात्र तू साफ चुकली. माझ्या बायकोचा मला काहून हेवा वाटंल? फाट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, माझी बायको एमेस्सी हाय. तुझ्या परीक्षेच्या वेळी स्वयंपाक कोणी केला? हिंगोलीला मोटरसायकलवर कोणी सोडलं? ज्याला हेवा वाटतो तो हे करंल का? विचार कर अन् असं परत बोलू नको.

पलंगाबद्दल मी शिवकन्याताईची माफी मागितली हाय. दिपकचीबी मागितली. तो म्हणला, "जाऊ द्या भाऊ, अशी टेस्ट कोणत्याच लॅबमध्ये झाली नसती." मला हसू आलं न्हाई.

भीमराज


२८ एप्रिल

आकांक्षा,
जयभीम.

काल कुरुंद्याला गेलो. निर्मलाबाईला खरं सांगायचं राहिलं होतं. सगळ्या रस्त्यानं बोलायचं जुळवत गेलो की बाई, मी घाई केली, तुमच्या पाल्याची फळी पाण्यात टिकत न्हाई, झाकून ठेवलेला पाला आता तुमचा तुमी बघा.

ती शेतातच भेटली. मी तोंड उघडायच्या आत म्हणली, "दादा, आकांक्षाताईचा फोन येऊन गेला ना. पाल्याच्या कुंड्या करायच्या म्हणती. रोपासकट मातीत पुरायच्या अन् पाणी लागलं की आपोआप विरघळल्या पाहिजेत. फळी फुगती तेच कुंडीला पाहिजे म्हणती. कसं डोकं चालतं बघा तिचं!" तिनं मला नमुना दाखवला. सेनगावहून तू पाठवलेली छोटी तपकिरी कुंडी, तिच्यात मिरचीचं रोप. बाया भोवती उभ्या राहून आळीपाळीनं हातात घेऊन बघत होत्या.

अन् आकांक्षा, ते तिथं झालं. छातीच्या इथं, डाव्या बाजूला, तेच. तुझा हात दिपकच्या बाहीवर दिसला तेव्हा झालं होतं तेच, पेपर बघितला तेव्हा झालं होतं तेच. पण इथं दिपक नव्हता. त्याचं नावबी कोणी काढलं न्हाई. कोणताच पुरुष नव्हता. निस्ती एक मूठभर कुंडी होती, अन् ती तुला सुचली होती, अन् मला सुचली नव्हती. फुगती म्हणून मी जी फळी लपवून ठेवली, तिच्याकडं बघून तुला सुचलं की हिचं फुगणंच कामाचं हाय. मी रोज सकाळी तिच्याकडं बघत होतो. मला फक्त माझी हार दिसली.

मी बांधावर बसलो. निर्मलाबाई म्हणली, "दादा, ऊन लागलं का?" मी म्हणलो, "व्हय."

तू बराबर बोलली होती. मला तुझाच हेवा वाटतो. तू चाळणी हलवता हलवता मध्येच थांबायची अन् डोळे बारीक करून कुठंतरी बघायची, तेव्हापासून वाटतो. मला कळायचं, ही आता अशा जागी गेली जिथं मला येता येत न्हाई. मी जॅक मारत राहायचो. दिपकला तिथं येता येतं, म्हणून तो डोळ्यात सलला. तो नसता तर दुसरं कोणी सललं असतं. हे लिहिताना मला लाज वाटून राहिली, पण हलकंबी वाटून राहिलं.

मायला काल रात्रीच्या जेवणात हे सगळं सांगितलं. तिनं भाकरी मोडता मोडता ऐकलं अन् म्हणली, "मला वाटलं तुला ठाऊक हाय."

शिवकन्याताईचा निरोप आला होता. बाकीचे पलंग करायला सुतार पाहिजे. दिपकनं माझं नाव सुचवलं म्हणे, अन् तू काही बोलली न्हाई म्हणे, हो बी न्हाई, न्हाई बी न्हाई. घरी कधी येती ते मी विचारत न्हाई. येती का तेबी विचारत न्हाई. तुझं तू ठरव.

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी हत्यारं घेऊन सेनगावला येऊन राहिलो. ड्रिलचे नवे बिट घेतले. तुमी दोघं हौदापाशी उभं राहून बोलत असाल, मला न समजणारं काहीतरी, अन् मी पलीकडं भोकं पाडत असंन. मला त्रास होईल. हेवा इथं दुकानात कुलूप लावून येता आलं असतं तर बरं झालं असतं. जमलं न्हाई. संगं घेऊनच येतो.

भीमराज